भादव्यातली टूर

कळंबच्या भुसार बाजारात गौरीशंकरअप्पांची ओळख एकाच गोष्टीसाठी होती. हा माणूस पंचांग मानत नाही. आडतीचं दुकान त्यांनी ऐन अमावास्येला उघडलं. मोटारसायकल पितृपक्षात घेतली, कारण त्या दिवसांत शोरूमवाला मोकळा असतो आणि चहा पाजतो. "आपण लिंगायत माणसं. गळ्यात इष्टलिंग हाय, आपल्याला सगळे दिवस सारखे," हे वाक्य ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकणारा कंटाळला तर त्याला नीट समजलं नसावं म्हणून पुन्हा ऐकवत.

म्हणूनच त्यांच्या एकुलत्या एक लेकीच्या, गायत्रीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा ते जे बोलले, त्यानं सगळी बैठक चाट पडली. स्थळ सास्तूरचं होतं. मुलाचे वडील शरणप्पा, बोलायला तिखट आणि मनानं स्वच्छ. मुलगा नंदीश, खता-बियाण्यांचं दुकान चालवणारा, दिसायला बरा आणि बापापुढं गप्प. मे महिन्यातला एक रविवार ठरला. देण्याघेण्याचा विषय दोन्ही बाजूंनी बंद केला. शरणप्पांनी सुपारी हातात घेतली आणि रीत म्हणून विचारलं, "तुमचं काही म्हणणं, अण्णा?"

"एकच," गौरीशंकर म्हणाले. "पोरगी पहिल्या आखाडाला माहेरी पाहिजे. पुरा महिना. एक दिवस कमी चालायचा न्हाय."

आषाढात नव्या सुनेनं सासरी राहू नये, माहेरी जावं, अशी आपल्याकडं जुनी रीत आहे. ती रीत बंद करा म्हणून अख्ख्या बाजाराला शहाणपण शिकवणारा माणूसच आता ती मागत होता. त्यांची बायको महेश्वरी पोहे देता देता थांबली आणि नवऱ्याला ताप आला आहे का, हे लांबूनच बघू लागली. शरणप्पा पक्के शरण मताचे, बसवण्णांचं मानणारे आणि मुहूर्त न बघणारे. त्यांनी भुवया उंचावल्या, पण नवरीचा बाप आहे, हळवा झाला असेल, असं म्हणून मान डोलावली.

आता खरं कारण सांगायला हरकत नाही. गायत्री नववीत असताना शाळेतून येताना सायकलवरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. दिवस आषाढाचे. आडत बाजार त्या महिन्यात तसाही जांभया देत असतो, म्हणून गौरीशंकर पोरीजवळ बसू लागले. त्यातच टीव्हीच्या रिमोटचं बटण दबून बसलं आणि टीव्ही एका खेळाच्या चॅनेलवर अडकला. तिथं फ्रान्सची सायकल शर्यत चालली होती. टूर. तीन आठवडे, रोज एक टप्पा, गावं, घाट, नद्या. दोन दिवस बापलेकीनं नाइलाजानं बघितलं. तिसऱ्या दिवशी महेश्वरीनं नवा रिमोट आणला, तर दोघांनी तो हातात घेतला नाही.

पोरगी डावपेच बघायची आणि बाप पिकं. हेलिकॉप्टरमधून सूर्यफुलाचं रान दिसलं की गौरीशंकर खुर्चीत पुढं सरकत. "ह्या पट्ट्याला पाऊस कमी झालाय. फुलं मोठी दिसतेत, पण दाणा भरायचा न्हाय." तोवर सायकली पाच गावं ओलांडून गेलेल्या असत. हळूहळू त्यांना माणसंही दिसू लागली. टीमच्या मोटारीपाशी मागं जाऊन, बनियनमध्ये पाण्याच्या बाटल्या कोंबून पुढच्या साथीदारांना नेऊन देणारे गडी त्यांना फार आवडले. "हे वाढपी," ते म्हणाले. घाटात सगळ्यांत मागं राहून एकमेकांच्या आधारानं वर चढणारा घोळका म्हणजे वाढप्यांची पंगत, सगळे जेवून उठल्यावर बसणारी. ठरलेल्या वेळेत पोचलं नाही तर मागच्यांना शर्यतीतून काढतात हे कळलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. वाढप्याला उपाशी उठवणारं गाव त्यांनी आजवर बघितलं नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी तीन आठवडे संध्याकाळी ही दोघं आणि मध्ये ताटलीभर भाजक्या शेंगा. महेश्वरी म्हणायची, "सायकलीवर बसलेली वाळकी माणसं बघायला घरात दिवे जाळतेत." गायत्री कॉलेजला गेली, लातूरला नोकरीला लागली, पण टूरच्या दिवसांत सुट्टी काढून घरी यायची. बाजारात दिवसभर बोलणाऱ्या गौरीशंकरांना घरात कुणाशी काय बोलावं ते सुचत नसे. लेकीशी तर नाहीच. टूर चालू असली की सुचे.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा ते हबकले ते याच कारणानं. मग त्यांच्या ध्यानात आलं की टूर नेमकी आषाढात येते. ज्या रीतीला जन्मभर नावं ठेवली, तिच्या पाया पडायची वेळ आली होती. ते पडले.

मग मार्चमध्ये कोरोना आला आणि सगळंच बंद झालं. लग्न पुढं गेलं, शर्यती एकामागून एक पुढं गेल्या. चॅनेलवाल्यांकडं दाखवायला काही उरलं नाही, तेव्हा ते जुन्या शर्यती दाखवू लागले. गौरीशंकरांनी एक शर्यत बघितली. रस्त्याच्या दोन्ही कडेला लोक खांद्याला खांदा लावून उभे, कुणाच्या तोंडाला मास्क नाही, गळ्यात गळे घालून नाचतायत. दुसऱ्या दिवशी बाजार दोन तासांसाठी उघडला, तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं की फ्रान्समध्ये कोरोना संपला, आपण डोळ्यांनी बघितलं. दुपारपर्यंत ही बातमी येरमाळ्याला पोचली. संध्याकाळी तिथला एक औषधवाला फोन करून फ्रान्सनं काय काढा घेतला ते विचारू लागला. गायत्रीनं टीव्हीपुढं जाऊन कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं. शर्यत बारा वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर आठवडाभर अप्पांनी मास्क जरा वरपर्यंत ओढून घेतला.

जुलैत तर कहर झाला. खेळाडू आपापल्या घरात, जागच्या जागी बसवलेल्या सायकलीवर पेडल मारू लागले आणि पडद्यावर त्यांच्या बाहुल्या घाट चढू लागल्या. महेश्वरीनं दारातून बघितलं. "घरातच पेडल मारायचं तर त्याला पिठाची गिरणी जोडा म्हणावं. दळण तरी व्हईल."

त्याआधीच एप्रिलमध्ये खरी बातमी आली होती. टूर ऑगस्टच्या अखेरीला सुरू होणार आणि वीस सप्टेंबरला पॅरिसला संपणार. लातूरचं ऑफिस घरून चालू असल्यामुळं गायत्री इथंच होती. तिनं हे वाचून दाखवलं तेव्हा गौरीशंकर आधी खूश झाले आणि मग मनात हिशेब लागताच बसले. म्हणजे टूर भादव्यात. आखाडाला माहेरी आणता येतं, पण भादव्यात नव्या नवरीला तीन आठवडे माहेरी आणायची रीत कुठल्याच जातीत नाही. आता एकच वाट उरली होती. लग्न टूरच्या नंतर झालं पाहिजे.

हे सांगायचं कुणाला? लेकीचं लग्न कोरोनासाठी लांबवलं तर लोक शहाणा म्हणतात. सायकलींसाठी लांबवलं तर डॉक्टरकडं नेतात.

जूनमध्ये पन्नास माणसांत लग्न लावायची सोय झाली आणि शरणप्पांचा फोन आला. "अण्णा, उरकून टाकू आता."

"आखाड लागतोय की," गौरीशंकर म्हणाले.

शरणप्पा थांबले. जुलैच्या शेवटी पुन्हा फोन. तेव्हा श्रावण निघाला, घरात उपवास, पंगतीला वाढायचं काय? ऑगस्टात गणपती निघाला, घरात गणपती असताना पोरगी बाहेर काढू नये म्हणतात. ह्या घरात गणपती कधी बसलेला नव्हता. मग सप्टेंबरचं बोलणं निघालं, तेव्हा गौरीशंकरांनी खोल आवाजात पितृपक्ष म्हटलं. एवढं सगळं तोंडपाठ कसं राहणार? त्यासाठी त्यांनी गुपचूप एक पंचांग विकत आणलं होतं आणि ते दुकानात रिकाम्या पोत्यांच्या थप्पीखाली दडवलं होतं. शरणप्पांचा फोन वाजला की ते बोलत बोलत पोत्यांकडं जात.

महेश्वरीनं पितृपक्षाचं ऐकलं, तेव्हा ती लसूण सोलत होती. "मामंजी गेले तवा तुम्ही कावळ्याला घास ठेवला न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "आता कुठले पितर आलेत जेवायला?"

गौरीशंकरांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पण गोष्ट आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. सास्तूरला कुजबुज सुरू झाली होती. नवरीकडचे टाळतायत, त्यांना दुसरं चांगलं स्थळ मिळालं असणार. कुणी म्हणे नंदीशबद्दल काहीतरी कानावर आलं असणार. महेश्वरीच्या बहिणीनं तर विचारूनच टाकलं की मोडलं का गं. गायत्री काही बोलत नसे. लॅपटॉप उघडून बसे, फोनवर हळू आवाजात नंदीशशी बोले आणि बाप समोरून गेला की त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघे. गौरीशंकरांना ती नजर झेपत नसे. आपण पोरीचं ठरलेलं लग्न हातानं मोडायला निघालोय, हे त्यांना कळत होतं. तरी फोन वाजला की पाय पोत्यांकडं वळत.

ऑगस्टच्या मध्यावर शरणप्पा स्वतःच मोटारसायकल मारत कळंबला आले. आत यायला नको म्हणाले आणि ओट्यावरच बसले. मास्क नाकाखाली, चेहरा लाल.

"चार वेळा फोन केला, अण्णा. चार वेळा तुम्ही मला महिना सांगितला. आज तारीख घेऊनच जाणार. वीस सप्टेंबर, रविवार."

गौरीशंकरांच्या डोळ्यांपुढं पॅरिस आलं. सबंध वर्षात ह्या माणसाला नेमका हाच दिवस कसा सापडावा, याचं त्यांना नवल वाटलं. "वीसला कसं जमेल? अठरापासून अधिक महिना—"

"साकु," शरणप्पा म्हणाले. राग आला की ते कानडीवर जात. "साकु, साकु. पुरे झालं. मला एवढंच सांगा, तुमच्या गळ्यात लिंग हाय का पंचांग?"

समोरच्या घरातली दोन माणसं तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं बाहेर आली होती, त्यातलं एकजण खोकल्यासारखं करून हसलं.

"वीसला लग्न लावायचं असंल तर लावू," शरणप्पांचा आवाज आता खाली आला होता आणि म्हणून जास्त लागत होता. "न्हायतर तुमची पोरगी तुमच्याकडं, आमचा पोरगा आमच्याकडं. आम्ही गरीब घरचे असू अण्णा, पण फिरवाफिरवी करून घ्यायला आलेलो न्हाव."

गायत्री चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं चहा पुढं केला नाही की मागं नेला नाही. ती बापाकडं बघत होती. गौरीशंकरांनी त्या नजरेला नजर द्यायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमलं नाही.

"वीस," ते म्हणाले. "पक्कं."

शरणप्पांनी तिच्या हातातून कप घेतला आणि चहा एका घोटात संपवला. ते गेल्यावर गौरीशंकर कपाळाला हात लावून पुटपुटले, "नेमका पॅरिसचा दिवस." गायत्री कप उचलत म्हणाली, "तारीख ठरली ना अप्पा? मग झालं तर." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं त्यांना आणखीच वाईट वाटलं.

टूर सुरू झाली ती पावसात. पहिल्याच दिवशी रस्ता निसरडा होऊन निम्मे गडी आडवे झाले. घाटात मास्क लावलेली माणसं लांब उभी राहून टाळ्या वाजवत होती. सूर्यफुलं काळी पडून माना टाकून उभी होती आणि त्याकडं बघून गौरीशंकर हळहळत, "काढायला पायजे होतं की रं आत्तापर्यंत. सायकली बघत बसलाव व्हय."

शर्यतीचा एक नियम त्यांना फार पटला. खेळाडू कुणात मिसळणार नाहीत, हॉटेलात वेगळे राहतील, आणि एका टीमचे दोन गडी पॉझिटिव्ह निघाले की सगळी टीम घरी. त्यांनी तो नियम तसाच्या तसा घराला लावला. हळदीच्या दिवसापर्यंत आत कुणी येणार नाही. येरमाळ्याहून महेश्वरीचा भाऊ लाडू घेऊन आला, तर त्याला ओट्यावरूनच विचारलं की खोकला आहे का. तो प्रामाणिक माणूस, थोडासा आहे म्हणाला. लाडू आत आले, भाऊ परत गेला.

"माझ्या सख्ख्या भावाला दारातून लावलं," महेश्वरी म्हणाली.

"आपली टीम बाहेर पडली तर चालंल का तुला?" गौरीशंकर म्हणाले. "दोन पॉझिटिव्ह निघाले की खेळ खलास. लग्न बी जाईल."

मधल्या सुट्टीच्या दिवशी सगळ्या खेळाडूंची तपासणी झाली आणि बातमी आली की शर्यत चालवणारे मोठे साहेबच पॉझिटिव्ह निघाले. गौरीशंकरांच्या हातातली भाकरी हातातच राहिली. शर्यत आता थांबते की काय ही एक धास्ती, आणि शर्यतीचं जे झालं ते आपल्या घरी झालं तर, ही दुसरी. खेळाडू मात्र सगळे चांगले निघाले. गायत्रीनं तसं वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी भाकरी मोडली.

बाकी दिवस जमेल तसे गेले. पन्नास माणसांच्या यादीवरून भांडणं, बांगड्या, लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींना निरोप, आणि संध्याकाळी टीव्ही. गायत्री एकही टप्पा चुकली नाही. हाताला मेंदी लागली होती त्या दिवशी शेंगा सोलायचं काम बापाकडं आलं. एकदा वाढप्यांची पंगत वेळेत पोचते की नाही असं झालं. शेवटचा गडी रेषा ओलांडेपर्यंत दोघं उभी होती. ती पंगत पोचली, तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला. गौरीशंकरांना रोज वाटे की आज सांगावं. रोज एखादा गडी नेमका त्याच वेळी घोळक्यातून पुढं पळ काढे आणि ते राहून जाई.

शनिवारी घरात हळद होती. त्याच संध्याकाळी फ्रान्समध्ये शेवटची खरी लढत, एकेकट्यानं घाट चढायची, कमी वेळ लागेल तो पुढं. हळद लागली, बायका आत जेवायला बसल्या. महेश्वरीनं टीव्हीचा आवाज बंद करून ठेवला होता, पण टीव्ही बंद केला नव्हता. एवढी माया तिच्यात होती. गायत्री हळदीनं माखलेली, जुन्या साडीत, येऊन बापाशेजारच्या खुर्चीत बसली.

सगळ्या शर्यतीत पुढं असणाऱ्याला मिळते ती पिवळी जर्सी अंगावर असलेला गडी शेवटी निघाला. जवळजवळ दोन आठवडे ती त्यानं कुणाला दिली नव्हती. आता मात्र प्रत्येक वळणाला त्याची आघाडी गळत होती. डोक्यावरचं हेल्मेट तिरकं झालं होतं आणि ते सरळ करायची शुद्ध त्याला नव्हती. तो वर पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. तो रस्त्यावरच बसला, पाय पसरून, आणि समोर बघत राहिला.

गौरीशंकरांचे डोळे भरून आले. "एवढे दिवस जपली ह्यानं," ते म्हणाले, "आन् शेवटच्या शनिवारी दुसराच कोन घेऊन गेला."

गायत्री त्यांच्याकडं वळली. "अप्पा, उद्याची तारीख कुणी काढली, म्हाईत हाय का?"

"तुझ्या सासऱ्यानं. मुद्दाम काढली."

"मी काढली. नंदीशला सांगितलं, त्यानं घरी सांगितलं." तिनं टीव्हीकडं बोट केलं. "उद्या नुसती मिरवणूक असती. पिवळ्या जर्सीशी उद्या कुणी लढत न्हाय. म्हनून वीस. आजपातूर सगळं बघून झालं पायजे होतं ना आपलं."

"तुला ठावं होतं?"

"तुम्ही आखाड मागितला तवाच कळलं. तुम्ही, आन् आखाड."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." आता तिचाही आवाज नीट राहिला नव्हता. "नुसतं थांब म्हणाला असता, अप्पा, तरी मी थांबले असते. नंदीश बी थांबला असता. तुम्ही श्रावण आणला, गणपती आणला, पितर आणले. एवढं सरळ तोंडानं सांगता येत न्हाय व्हय?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"टूरसाठी न्हवतं ते," गौरीशंकर म्हणाले.

"म्हाईत हाय."

"मग आता म्हनतो." जन्मात त्यांना एवढा छोटा शब्द एवढा जड गेला नव्हता. "थांब."

गायत्री हसायला लागली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "आता कशी थांबू, अप्पा? हळद लागली."

"व्हय," गौरीशंकर म्हणाले. "ते बी खरंच हाय." आणि खांद्यावरचा पांढरा टॉवेल घेऊन ते तिचे गाल पुसायला लागले. टॉवेल पिवळा झाला तरी ते पुसतच राहिले.